दात जुळले, पण जबडा?

तारा बसविण्यापूर्वी रुग्णास दोन-तीन खेपा का घालाव्या लागतात, अशी विचारणा आमच्या एका देणगीदार सद्‌गृहस्थांनी केली. प्रश्न रास्त होता. आम्ही दंतविभागाकडून जे समजून घेतले ते येथे देत आहोत.

खालचा जबडा दोन्ही कानांच्या अगदी पुढे कवटीशी सांध्यांनी जोडलेला असतो. तेथे बोट ठेवून तोंड उघडल्यास सांधा हलताना जाणवतो. दोन हाडांमध्ये लहानशी चकती असते. सांधा आपल्या जागी स्वस्थ असताना दातही नीट मिटावेत, ही अपेक्षा. परंतु एखादा दात आधी टेकला, तर जबडा नकळत बाजूस सरकतो आणि मगच दात मिटतात. पाहणाऱ्यास जुळणी उत्तम दिसते! आम्ही हिशेबाची माणसे. ताळेबंद जुळला तरी नोंद भलत्या खात्यावर पडलेली असू शकते, हे आम्हांस चटकन पटले. म्हणून डॉक्टर हनुवटीस आधार देऊन तोंड सावकाश मिटवितात व पहिला दात कोणता टेकतो ते पाहतात.

लहान मुलांत वरचा जबडा अरुंद असल्यास हे आढळते. वरच्या दाढा खालच्यांच्या आत पडतात, मूल जबडा एका बाजूस सरकवून चावते, हनुवटी कलते. 'सगळे दात येऊ द्या, मग पाहू,' असे पालक म्हणतात आणि येथेच नुकसान होते. टाळूमधील शिवण बालपणी घट्ट झालेली नसते. स्क्रूच्या साधनाने जबडा रुंदावता येतो. तो स्क्रू पालकच घरी किल्लीने फिरवितात. प्रौढपणी याच कामास पुष्कळदा शस्त्रक्रिया लागते.

सांधा दुखतो म्हणून तारा बसवा, ही मागणी मात्र वेगळी. १९३४ साली अमेरिकेतील डॉ. जेम्स कॉस्टेन यांनी कानाच्या तक्रारींचा संबंध गेलेल्या दाढा व बिघडलेला सांधा यांच्याशी जोडला. तेव्हापासून खापर दातांवर फुटत आले. १९८७ साली मिशिगनमधील एका खटल्यात तर तारा बसविणाऱ्या डॉक्टरांनाच मोठी भरपाई द्यावी लागली. त्यानंतरच्या संशोधनातून दिसले की, तारांमुळे हे दुखणे सहसा होत नाही आणि टळतही नाही. वेदना नसून नुसता आवाज येत असेल, तर बहुधा उपचार लागत नाहीत. दुखल्यास मऊ आहार, शेक, व्यायाम आणि दात आवळण्याची सवय सोडणे, आधी एवढेच.

अशाच एका तरुणाचे वडील तारांसाठी जमविलेली रक्कम परत घेताना आमच्या खिडकीशी रागावले होते. पैसे असूनही उपचार नाकारले, असे त्यांना वाटले. त्यांना बसवून हे सारे सांगण्यास आम्हांस अर्धा तास लागला.

तोंड मिटताना मुलाची हनुवटी एका बाजूस जात असेल, तर सातव्या वर्षापर्यंत अवश्य दाखवावे.