चूक एकाची, सुई दुसऱ्याला: टीमवर्कचा धडा

व्हिडिओत राहून गेलेला मुद्दा इथे लिहितोय.

आमच्या शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय आहे, म्हणजे आपलं सायन हॉस्पिटल. मुंबईत अशा कुठल्याही मोठ्या वॉर्डात तीन हाका ऐकू येतात: सिस्टर, मामा, मावशी. इंजेक्शन सिस्टर देते, कचऱ्याची पिशवी मात्र मावशी उचलते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रंग ठरलेत. रक्ताचा कापूस पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लालमध्ये, काच निळ्यात आणि सुया पांढऱ्या, टोक बाहेर न येणाऱ्या डब्यात. घाईत एक सुई लाल पिशवीत गेली, तर टोचते मावशीला. मग हिपॅटायटिस, एचआयव्हीची धास्ती!

आता आपल्या धंद्यासाठी दोन गोष्टी.

१. आपलं काम पुढे कुणाच्या हातात जातं, ते माहीत हवं. माझ्या दुकानात पोरानं फुटलेली बरणी गोणीत टाकली आणि हमालाचा हात कापला. मी पोरावर ओरडलो. पण काचेसाठी वेगळा डबा मीच ठेवला नव्हता!

२. चूक लगेच सांगता यायला हवी. सुई टोचल्यावर एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. ओरडा बसेल म्हणून मावशी गप्प राहिली, तर ती वेळ निघून जाते.

आज दुकान बंद करताना मदतनिसाला एवढंच विचारा, "माझ्या कुठल्या कामाचा तुला त्रास होतो?" आणि मध्ये न बोलता ऐका.