कोपऱ्यातली चौकट आणि अवधानाचा हिशेब

अनेक कामे एकाच वेळी सांभाळणाऱ्या व्यक्तीला मराठीत कौतुकाने 'अष्टावधानी' म्हटले जाते. शेगडीवरचे दूध, अंगणातले मूल आणि दाराशी आलेला पाहुणा या तिघांकडे लक्ष ठेवणारी गृहिणी अष्टावधानी ठरते. एका ग्राहकाला सुटे पैसे परत करताना दुसऱ्याला भाव सांगणारा दुकानदारही याच मालिकेतला. टॅबलेट संगणकाने हे बिरुद जणू सर्वांच्याच आवाक्यात आणले आहे. पडद्याच्या एका कोपऱ्यात लहानशा चौकटीत क्रिकेटचा सामना, मालिका अथवा व्याख्यान चालू असते. उरलेल्या पडद्यावर पत्र लिहिले जाते, अर्ज भरला जातो किंवा बँकेचा व्यवहारही उरकला जातो. ही सोय आकर्षक आहे, यात शंका नाही. तथापि प्रत्येक सोयीची काही किंमत असते, आणि ती कोणत्या खात्यातून वळती होते हे जाणून घेणे सुज्ञ ग्राहकाचे कर्तव्य होय.

चौकटीचा पूर्वेतिहास

चित्रात चित्र बसवण्याची कल्पना टॅबलेटपेक्षा बरीच जुनी आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिक सामन्यांच्या प्रक्षेपणात क्वांटेल या ब्रिटिश कंपनीच्या यंत्रणेचा उपयोग करून स्टेडियममध्ये प्रवेश करणाऱ्या धावपटूच्या दृश्यातच ज्योतीचे दृश्य लहान चौकटीत दाखवण्यात आले होते. पुढे ही सोय घरगुती दूरचित्रवाणी संचांतही आली आणि एक वाहिनी पाहताना दुसरीवर नजर ठेवणे शक्य झाले.

२०१० मध्ये बाजारात आलेल्या आयपॅडवर सुरुवातीला एका वेळी एकच अ‍ॅप पडद्यावर दिसत असे. २०१२ मध्ये सॅमसंगने आपल्या गॅलॅक्सी एस-थ्री या फोनवर इतर काम चालू असताना तरंगत्या चौकटीत ध्वनिचित्रफीत पाहण्याची सोय दिली. सप्टेंबर २०१५ मध्ये आयओएस ९ या प्रणालीबरोबर आयपॅडवर 'पिक्चर इन पिक्चर' आणि दुभंग पडदा या दोन्ही सोयी एकदमच अवतरल्या. अँड्रॉइडच्या फोन व टॅबलेटवर ही तरंगती चौकट प्रणालीचाच भाग म्हणून २०१७ मध्ये, आठव्या आवृत्तीबरोबर आली. आयफोनवर ती येण्यास २०२० साल उजाडले.

चौकट चालते कशी?

दुभंग पडद्यात जागेची वाटणी होते. दोन अ‍ॅप शेजाऱ्यांप्रमाणे आपापल्या हद्दीत राहतात. तरंगत्या चौकटीचे तसे नाही. चित्रफीत दाखवणारे अ‍ॅप आपले दृश्य प्रणालीच्या स्वाधीन करते आणि प्रणाली ते इतर सर्व दृश्यांच्या वरच्या थरावर ठेवते. ही चौकट बोटाने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेता येते, दोन बोटांनी लहान-मोठी करता येते, थांबवता येते आणि बंदही करता येते. आयपॅडवर ती पडद्याच्या कडेला सारून दृष्टीआड केली तरी तिचा आवाज चालूच राहतो.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, चौकट लहान झाली म्हणून बॅटरी आणि डेटा यांचा खर्च त्याच प्रमाणात घटतोच असे नाही. चित्रफीत पूर्वीप्रमाणेच उतरवली व उलगडली जात असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चौकट वर तरंगत असल्यामुळे तिच्याखाली काहीतरी झाकले जाते. वर्तमानपत्र वाचताना एखादी ओळ झाकली गेली तर फारसे बिघडत नाही. पण अर्जातील एखादी सूचना किंवा रकमेचा शेवटचा अंक झाकला गेला, तर मात्र प्रश्न गंभीर होतो.

खरा अवधानी काय करतो?

'अष्टावधान' ही आंध्र, तेलंगण व कर्नाटकात आजही जिवंत असलेली विद्वत्सभेची कला आहे. अवधानी मध्यभागी बसतो आणि आठ पृच्छक त्याची परीक्षा घेतात. कोणी समस्यापूर्तीसाठी चरण देतो, कोणी विशिष्ट शब्द गुंफून श्लोक रचायला सांगतो, तर कोणी अमुक अक्षर वापरण्यास मनाई करतो. मध्येच घंटेचे टोल दिले जातात आणि त्यांची संख्या शेवटी सांगावी लागते. या आठांत एका पृच्छकाचे काम मोठे गमतीचे असते. त्याच्याकडे 'अप्रस्तुत प्रसंग' हे अंग असते. भलत्याच विषयावर गप्पा काढून अवधान्याचे चित्त विचलित करणे, एवढीच त्याची जबाबदारी!

या कलेतील मर्म असे की, अवधानी आठही कामे एका क्षणी करीत नाही. तो प्रत्येक पृच्छकाकडे क्रमाक्रमाने वळतो, श्लोकाचा एकेक चरण सांगतो आणि फेऱ्या पूर्ण झाल्यावर सारे श्लोक स्मरणातून अखंड म्हणून दाखवतो. म्हणजेच, ज्याला जग एकाच वेळी आठ ठिकाणी लक्ष देणारा म्हणून ओळखते, तो वस्तुतः एका वेळी एकाच ठिकाणी लक्ष देतो. त्याचे कौशल्य पूर्वीचा धागा न तोडता परत येण्यात असते, आणि त्यासाठी अनेक वर्षांची साधना लागते. टॅबलेटच्या कोपऱ्यातली चौकट म्हणजे साधना नसलेल्या माणसासमोर बसवलेला अप्रस्तुत प्रसंगाचा पृच्छकच होय.

वळण्याची किंमत

हीच गोष्ट मानसशास्त्राने प्रयोगांनी पडताळली आहे. अमेरिकेतील आर्थर जर्सिल्ड यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अंकांच्या याद्या दिल्या होत्या. एकाच प्रकारचे गणित सलग करण्यापेक्षा, एकदा बेरीज व एकदा वजाबाकी असे आलटून-पालटून करताना अधिक वेळ लागतो असे दिसून आले.

याचा पडताळा घरच्या घरी घेता येतो. कागदावर क ते ञ ही दहा अक्षरे लिहावीत, नंतर १ ते १० अंक लिहावेत आणि दोहोंना मिळून लागलेला वेळ घड्याळावर पाहावा. मग तीच वीस चिन्हे क, १, ख, २, ग, ३ अशी आलटून-पालटून लिहावीत. चिन्हे तीच, हात तोच. पण दुसऱ्या वेळी बहुतेकांचा वेळ वाढतो आणि मध्येच कोठेतरी हात अडखळतो. रुपयांचे डॉलर व डॉलरचे पुन्हा रुपये करताना प्रत्येक वेळी काही रक्कम विनिमयात कापली जाते, तसेच हे आहे. दर वळणावर अवधानाची थोडी दलाली जाते. एका वळणाची दलाली क्षुल्लक वाटते, परंतु तासाभरात अशी वळणे किती झाली याची नोंद कोणत्याही पासबुकात होत नाही.

सवयीने ही दलाली माफ होते काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातील ओफिर, नॅस आणि वॅग्नर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळण्याची सवय असलेल्या व्यक्ती अनावश्यक गोष्टींनी अधिक विचलित होतात असे आढळले. नंतरच्या सर्वच अभ्यासांनी याला सारखाच दुजोरा दिला नाही. तथापि, केवळ सवयीमुळे माणूस अवधानी बनतो, असा निष्कर्ष या अभ्यासातून मुळीच निघत नाही.

आवाज आणि अंक

बँक ग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक संशोधन आवाजाविषयीचे आहे. कोल आणि वेल्श यांनी १९७६ मध्ये, तसेच सालामे आणि बॅडले यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की, डोळ्यांनी पाहिलेली अक्षरे किंवा अंक क्रमाने स्मरणात ठेवताना पार्श्वभूमीला मानवी बोलणे चालू असेल, तर चुका वाढतात. त्या बोलण्याकडे दुर्लक्ष करायचे आहे, हे माहीत असूनही त्या वाढतात. कोल आणि वेल्श यांच्या प्रयोगातील बोलणे तर ऐकणाऱ्यांना न समजणाऱ्या भाषेत होते. याचे कारण असे मानले जाते की, अंक लक्षात ठेवताना माणूस ते मनातल्या मनात उच्चारतो आणि बाहेरचा आवाज त्याच वाटेने आत शिरतो.

खाते क्रमांक नेमका याच रीतीने हाताळला जातो. एका जागी पाहून, मनात घोळवून, दुसऱ्या जागी टंकित केला जातो. त्या दोन-चार सेकंदांत कोपऱ्यातील चौकटीत समालोचकाचा आवाज चढला की ४७ चे ७४ होण्यास वेळ लागत नाही.

ही चूक किरकोळ नव्हे. एनईएफटी आणि आरटीजीएस व्यवहारांत रक्कम जमा करताना केवळ खाते क्रमांकाचा आधार घेतला जाऊ शकतो, हे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच स्पष्ट केले होते. नाव बरोबर आणि क्रमांक चुकीचा असेल, तर पैसे त्या क्रमांकाच्या धन्याकडे जाऊ शकतात. ते परत मिळवण्यासाठी मग अर्ज, पाठपुरावा आणि ज्याच्या खात्यात रक्कम गेली त्याची संमती, अशी लांबलचक वाट चालावी लागते. ज्याच्या मुलीचे महाविद्यालयीन शुल्क भरण्याचा तो शेवटचा दिवस असेल, त्याला या वाटेची लांबी विशेष जाणवेल. या दृष्टीने १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी लाभार्थीचे नाव आधी दाखवण्याची सोय या व्यवहारांसाठीही उपलब्ध करून द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ही सोय मोलाची आहे. पण नाव पडद्यावर दिसणे आणि ते वाचले जाणे यांत अंतर आहे. सायमन्स आणि शाब्री यांच्या १९९९ मधील सुप्रसिद्ध प्रयोगात, चेंडूच्या फेकी मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना पडद्यावरून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातील माणूस दिसलाच नव्हता. नजर तेथे होती, लक्ष नव्हते.

चौकट केव्हा उपकारक?

एवढ्यावरून ही चौकट त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल. दूरचित्रवाणीवरील बातम्यांच्या कोपऱ्यात सांकेतिक भाषेतील दुभाषी दिसतो, तेव्हा ती लहान चौकट श्रवणबाधित प्रेक्षकासाठी मुख्य चित्राहूनही महत्त्वाची असते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या व्हिडिओ केवायसीमध्ये ग्राहक आणि बँक अधिकारी परस्परांना पडद्यावरच भेटतात. 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठावरील व्याख्यान कोपऱ्यात ठेवून उरलेल्या पडद्यावर टिपणे काढणारा विद्यार्थी, किंवा एखादा अर्ज भरण्याची कृती पाहत पाहत त्याचा सराव करणारे ज्येष्ठ नागरिक, यांनाही तिचा लाभच होतो.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. चौकटीतील विषय आणि हातातील काम येथे एकच आहे. चौकट कामाची मदतनीस असेल, तर एकाच वेळी दोन्ही समोर असण्याने शोधाशोध वाचते. चौकट परक्या विषयाची असेल, तर ती कामातील वाटेकरी बनते. आकार लहान असला म्हणून तिचा वाटा लहान नसतो. भाजी निवडणे, जुनी छायाचित्रे लावणे अशी हातवळणी पडलेली कामे हा वाटा सहज सोसतात. अंक, अटी आणि सही यांची कामे तो सोसू शकत नाहीत.

व्यवहाराच्या वेळचे पथ्य

बँकेचे अ‍ॅप उघडण्यापूर्वी तरंगती चौकट बंद करावी. केवळ कडेला सारू नये, कारण आवाज राहतोच. खाते क्रमांक चार-चार अंकांच्या गटांत टंकित करावा आणि पडताळताना मूळ कागदाशी गटागटाने ताडून पाहावा. आयएफएससी अकरा चिन्हांचा असतो. त्यातील पाचवे चिन्ह शून्य असते, इंग्रजी 'ओ' नव्हे. लाभार्थीचे नाव आणि रक्कम ओठांनी उच्चारून वाचावी, मगच मान्यता द्यावी. नव्या खात्यावर मोठी रक्कम पाठवण्याआधी लहान रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करणे केव्हाही हिताचे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने एक भेदही ध्यानात असावा. चित्रफितीची चौकट ही प्रणालीची अधिकृत सोय आहे. मात्र एखादे अनोळखी अ‍ॅप इतर अ‍ॅपवर आपले दृश्य दाखवण्याची परवानगी मागत असेल, किंवा दूरध्वनीवरील अनोळखी व्यक्ती पडदा दाखवणारे अ‍ॅप घेण्याचा आग्रह करीत असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. पडदा सामायिक करून होणाऱ्या फसवणुकीची माहिती रिझर्व्ह बँकेच्या २०२२ मधील पुस्तिकेतही देण्यात आली आहे. फसवणुकीची शंका येताच आपल्या बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण टॅबलेट येण्यापूर्वी कित्येक पिढ्या आधी रूढ झाली. सामना उद्याही पुन्हा पाहता येतो, व्याख्यान मागे नेता येते, मालिकेचा भाग परत लावता येतो. चौकटीतल्या बहुतेक गोष्टी थांबू शकतात. 'पाठवा' हे बटण दाबल्यानंतरचा व्यवहार मात्र थांबत नाही. म्हणून ज्याला थांबता येते त्यालाच दोन मिनिटे थांबवावे, हा साधा व्यवहार होय.