नवी हार्ड डिस्क बसविल्यानंतर संगणक सुरू होत नाही : दोष शोधण्याची रीत



संगणकाची जुनी हार्ड डिस्क काढली, नवी बसविली, झाकण लावले, कळ दाबली आणि यंत्र सुरूच झाले नाही, हा प्रसंग शाळांच्या संगणक कक्षांत वारंवार घडतो. अशा वेळी बहुधा दोन वाक्ये कानी पडतात : ‘नवी डिस्कच खराब निघाली’ आणि ‘आता संगणकच नवा घ्यावा लागेल’. ही दोन्ही अनुमाने तपासाआधीची असतात. म्हणून त्यांवर विसंबून खर्च करणे योग्य नाही. दोष शोधण्याची क्रमवार रीत प्रस्तुत लेखात आम्ही मांडत आहोत.

या विषयाचे महत्त्व आपल्या परिसरात अधिक आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावांतून, वाड्यावस्त्यांवरून, ऊसतोडीसाठी आणि वीटभट्टीवर फिरणाऱ्या कुटुंबांतून मुले निवासी शाळेत येतात. त्यांतील अनेकांच्या घरी संगणक नाही. त्यांचा संगणकाशी संबंध येतो तो शाळेच्या कक्षातच. तेथील एक यंत्र बंद पडले म्हणजे तीन-चार मुलांचा तास गेला. शिवाय त्या यंत्राच्या डिस्कवर जातीच्या दाखल्यांच्या, गुणपत्रकांच्या, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती असतात. यंत्र पुन्हा विकत मिळेल. हरवलेला दाखला नव्याने काढायचा तर मजुरीवर जाणाऱ्या पालकाला रोजगार बुडवून तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात.

१. शेतातील मोटारीचा धडा

दोष शोधण्याचे शास्त्र आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. विहिरीवरील मोटार सुरू झाली नाही, तर तो लगेच मोटार वर काढत नाही. आधी वीज आहे का ते पाहतो. मग तिन्ही फेज येतात का, डीपीवरील फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर ट्रिप झाला आहे का, केबल कोठे तुटली आहे का, हे क्रमाने पाहतो. सर्वांत कष्टाचे आणि खर्चाचे काम तो शेवटी ठेवतो. या क्रमात दोन तत्त्वे आहेत. पहिले, जेथून शक्ती येते तेथून तपास सुरू करावा. दुसरे, सोपे आणि बिनखर्चाचे आधी तपासावे. संगणकालाही हीच दोन तत्त्वे लागू पडतात. त्यांत आम्ही तिसरे जोडतो : एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

२. संगणक जागा कसा होतो?

कळ दाबताच वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, निरनिराळ्या दाबांची वीज तयार करते. ती स्थिर झाली की तसा संकेत मदरबोर्डाला मिळतो. मग प्रोसेसर मदरबोर्डावरील एका चिपमध्ये साठविलेल्या सूचना वाचू लागतो. जुन्या यंत्रांत या सूचनांना बायोस आणि नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. त्या प्रथम स्मृती, कळफलक, पडदा यांची चाचणी घेतात. त्यानंतर ‘प्रणाली कोणत्या साधनावरून उचलायची’ याची यादी पाहतात. या यादीला बूटक्रम म्हणतात.

जुन्या पद्धतीत डिस्कचा पहिला कप्पा वाचला जातो. तो ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइट प्रारंभीच्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदींसाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. यूईएफआयच्या पद्धतीत डिस्कवर एक लहानसा वेगळा विभाग असतो आणि प्रणाली सुरू करणारी फाइल त्यात ठेवलेली असते. हा टप्पा पार पडल्यावरच विंडोज किंवा लिनक्स पडद्यावर येते.

दौंड जंक्शनाचे उदाहरण घेऊ. तेथून एक मार्ग सोलापूरकडे आणि एक मनमाडकडे जातो. गाडी कोणत्या मार्गाला लागेल हे इंजिन ठरवीत नाही, रुळांचे सांधे ठरवितात. इंजिन धडधाकट आणि डबे शाबूत असूनही सांधा चुकीच्या मार्गाला लागला, तर गाडी इच्छित स्थळी पोहोचत नाही. बूटक्रम हा संगणकाचा सांधा आहे.

३. ‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमके काय?

या तीन शब्दांखाली चार निरनिराळी लक्षणे दडलेली असतात. तपासाआधी त्यांतील कोणते आहे ते ठरवावे.

(अ) पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. दोष वीजपुरवठ्यात, कळेच्या तारेत किंवा कोठेतरी झालेल्या शॉर्टसर्किटमध्ये शोधावा.

(आ) पंखा फिरतो, परंतु पडदा काळा राहतो. कधी बीप असे आवाज येतात. दोष बहुधा स्मृतीच्या पट्टीत, प्रोसेसरच्या वीजजोडणीत किंवा पडद्याच्या केबलीत असतो.

(इ) कंपनीचे चिन्ह दिसते आणि मग ‘बूट करण्याजोगे साधन सापडले नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. येथे डिस्कची जोडणी, बूटक्रम आणि डिस्कवरील मजकूर तपासावा.

(ई) विंडोज सुरू होऊ लागते, मग निळा पडदा येतो किंवा यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होते. येथे डिस्क वाचली जात आहे; दोष प्रणाली आणि यंत्राची मांडणी यांच्या मेळात आहे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. संगणकात एकही डिस्क नसली तरी पडद्यावर कंपनीचे चिन्ह किंवा संदेश येतोच. म्हणून पडदा पूर्ण काळा असेल, तर ‘नव्या डिस्कवर विंडोज नाही’ हे त्याचे कारण असू शकत नाही. डिस्क बदलताना हात लागून दुसरे काही हलले असण्याचा संभव तेथे अधिक असतो.

४. तपासाच्या पायऱ्या

पहिली पायरी : यंत्राची वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढावी. त्यानंतर यंत्राची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आतील भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. अंगावरील स्थिर विजेने चिप बिघडू शकते. एसएमपीएसची पेटी विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये.

दुसरी पायरी : नव्या डिस्कची विजेची आणि माहितीची अशा दोन्ही केबली काढाव्यात आणि यंत्र सुरू करून पाहावे. पडद्यावर चिन्ह आले, तर बिघाड डिस्क किंवा तिच्या केबली यांच्यापुरता मर्यादित आहे. पडदा तरीही काळा राहिला, तर डिस्क निर्दोष धरून पुढे जावे : स्मृतीची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी, मदरबोर्डाचा मोठा २४ पिनांचा आणि प्रोसेसरजवळचा लहान वीजजोड तपासावा, कळेपासून येणारी बारीक तार सुटली आहे का ते पाहावे, आत सांडलेला स्क्रू शोधावा. या एका चाचणीने निम्मे काम होते.

तिसरी पायरी : डिस्क पुन्हा जोडून बायोसच्या पडद्यावर तिचे नाव आणि क्षमता दिसते का ते पाहावे. दिसत नसेल, तर केबल बदलावी. साटा डिस्कला माहितीचा ७ आणि विजेचा १५ संपर्कांचा जोड असतो; दोन्ही पूर्ण आत बसावे लागतात. बहुतेक जुन्या यंत्रांत डीव्हीडीचा ड्राइव्ह असतो. त्याच्या केबली चालू स्थितीत असतील, तर त्याच डिस्कला लावून पाहाव्यात. मग मदरबोर्डावरील दुसरा जोड वापरून पाहावा. एवढे करूनही ती दिसली नाही आणि दुसऱ्या संगणकातही दिसली नाही, तरच ‘डिस्क खराब’ असे म्हणावे.

चौथी पायरी : डिस्क दिसत असेल, तर तिच्यावर प्रणाली आहे का, हा प्रश्न विचारावा. दुकानातून आणलेली नवी डिस्क कोरी असते. तिच्यावर बूट करण्याजोगे काही नाही हा संदेश अशा वेळी अगदी खरा असतो. प्रणाली बसविणे एवढाच त्याचा उपाय. जुन्या डिस्कची नक्कल केली असेल, तर केवळ ‘सी’ विभागाची नक्कल पुरत नाही. प्रारंभाचा लहान विभागही उतरवावा लागतो.

पाचवी पायरी : बूटक्रम आणि पद्धत तपासावी. जुन्या बायोस पद्धतीने बसविलेली प्रणाली केवळ यूईएफआय पद्धतीवर ठेवलेल्या यंत्रात सुरू होत नाही, उलटही तसेच. येथे मदरबोर्डावरील नाण्याएवढ्या, ३ व्होल्टच्या बॅटरीकडे लक्ष द्यावे. ती संपलेली असेल, तर वायर काढताच बायोसच्या नोंदी पुसल्या जातात आणि यंत्र मूळ मांडणीवर जाते. यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले दिसले, तर बॅटरी संपली असे समजावे. डिस्क चालविण्याची पद्धतही या गडबडीत बदलते आणि नक्कल केलेली विंडोज निळा पडदा दाखविते. बॅटरी बदलून पूर्वीची पद्धत निवडली की हा दोष जातो. लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप असल्यास अशा बदलानंतर ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती आधीच लिहून ठेवावी.

सहावी पायरी : लिनक्सचा बूट होणारा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करावे. ते नीट चालले, तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि स्मृती बहुतांशी ठीक आहेत असे मानता येते. उबंटू तसेच आपल्या सी-डॅकची बॉस ही प्रणाली विनामूल्य मिळते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुनी यंत्रे लिनक्सवर चालविण्याचा विचार शाळांनी अवश्य करावा.

५. एक उदाहरण

आमच्या संगणक कक्षातील एका यंत्राची जुनी डिस्क टिकटिक आवाज करू लागली. तिच्यावर दहावीच्या मुलामुलींच्या दाखल्यांच्या प्रती होत्या. तंत्रज्ञाने नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज घातली. त्या वेळी जुनी डिस्कही जोडलेलीच होती. यंत्र चालू लागले. मग जुनी डिस्क सुरक्षित राहावी म्हणून काढून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘बूट करण्याजोगे साधन नाही’ असा संदेश आला. एसएसडी परत करावी, असे मत पडले.

विद्यार्थ्यांनी वही उघडून क्रमाने तपास केला. एसएसडी काढल्यावर पडदा येत होता. ती जोडल्यावर बायोसमध्ये तिचे नाव दिसत होते. बूटक्रमात ती पहिली होती. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू झाले आणि त्यातून पाहिले, तर एसएसडीवर विंडोजच्या सर्व फाइली होत्या. प्रारंभाचा लहान विभाग मात्र नव्हता. विंडोज बसविताना प्रारंभाच्या फाइली जुन्या डिस्कवर आधीपासून असलेल्या विभागात गेल्या होत्या. गाडी नव्या फलाटावर आणि सांधा जुन्या मार्गाला, अशी ती स्थिती होती.

जुनी डिस्क पुन्हा जोडून काम भागविता आले असते. परंतु टिकटिकणारी डिस्क प्रत्येक वेळी चालू करण्याने तिचे उरलेले आयुष्य कमी होते. म्हणून आधी ती बाहेरच्या यूएसबी पेटीत घालून चांगल्या संगणकाला जोडली आणि सर्वांत गरजेचे, म्हणजे दाखल्यांचे फोल्डर प्रथम उतरवून घेतले. त्यानंतर केवळ एसएसडी जोडलेली ठेवून विंडोज नव्याने बसविली. नवा भाग विकत घ्यावा लागला नाही आणि एकही दाखला गेला नाही. यावरून नियम असा की, प्रणाली बसविताना यंत्रात एकच डिस्क जोडलेली असावी.

६. जुन्या डिस्कचे काय करावे?

१९५६ साली आयबीएमने जगातील पहिली हार्ड डिस्क व्यवहारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असूनही तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये सबंध शाळेच्या नोंदी मावतात. म्हणूनच ती एक डिस्क गेली तर सबंध शाळेच्या नोंदी जातात. महत्त्वाच्या फाइलींच्या किमान दोन प्रती असाव्यात, त्या वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक कक्षाबाहेर असावी.

नवे यंत्र नीट चालेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये. पुढे ती काढून टाकताना मात्र भंगारात तशीच देऊ नये. फाइली डिलीट केल्याने किंवा घाईने फॉरमॅट केल्याने मजकूर खरोखर नाहीसा होत नाही. मुलांचे पत्ते, आधार क्रमांक, दाखले परक्याच्या हाती लागू शकतात. डिस्क पूर्णपणे पुसून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी.

मित्रमैत्रिणींनो, यंत्र बंद पडले की घाबरून जाण्याचे किंवा नशिबाला दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक बिघाडाला कारण असते आणि ते क्रमाने शोधले की सापडते. प्रत्येक यंत्राजवळ एक वही आणि तपास करणारी दोन मुले-मुली, एवढी व्यवस्था प्रत्येक शाळेने केली, तर कक्षातील फार थोडी यंत्रे बंद राहतील, असा आमचा विश्वास आहे.

स्वाध्याय

१. पडदा पूर्ण काळा असताना नवी विंडोज बसविण्याचा प्रयत्न का व्यर्थ ठरतो?
२. डिस्क बायोसमध्ये दिसते, पण संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. याची तीन कारणे लिहा.
३. घड्याळ मागे गेलेले दिसल्यास कोणता भाग तपासाल व का?
४. आपल्या कक्षातील एका संगणकाचा बूटक्रम शिक्षकांच्या उपस्थितीत पाहून वहीत नोंदवा.