तिला एकटीला विचारा

मंडळी, आपल्याकडे कुणाचं डोहाळजेवण असलं की केवढी धावपळ असते! फुलांचे दागिने, ओटी, आवडीचे पदार्थ. पण गावाकडे अशाही लेकीसुना आहेत, ज्या पोटात बाळ असताना नवऱ्याचा मार खातात आणि चारचौघांत हसून बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) भारतातल्या सुमारे ३ टक्के स्त्रियांनी गरोदरपणात मारहाण झाल्याचं सांगितलं. ज्या गप्प राहिल्या, त्या यात नाहीत.

अशी बाई धास्तावलेली असते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, तपासण्या चुकतात. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. मग तिनं बोलायचं कुठे? माहेर लांब, तपासणीला सोबत सासू नाहीतर नवरा. उपकेंद्रात वजन करताना नर्सबाईंनी सोबतच्यांना बाहेर बसवलं, तर तिला पाच मिनिटं मिळतात. ती पाच मिनिटं लाखमोलाची!

त्या वेळी काय करावं? जागतिक आरोग्य संघटनेने पाच गोष्टी सांगितल्या आहेत:

१. शांतपणे ऐका, मध्ये तोडू नका.
२. तिला आत्ता कशाची गरज आहे, ते विचारा.
३. 'तुझा दोष नाही, माझा तुझ्यावर विश्वास आहे' हे स्पष्ट सांगा.
४. आज घरी जाणं सुरक्षित आहे का, ते तिच्याबरोबर ठरवा.
५. पुढच्या मदतीशी जोडून द्या.

'बाळ झालं की सुधारेल तो' असं म्हणू नये. तिला न विचारता नवऱ्याला जाब विचारू नये. राग तिच्यावरच निघतो. घरी जाणाऱ्या कार्डावर यातलं काही लिहू नये.

पुढची मदत म्हणजे काय? २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकारी असतात आणि तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. महिलांसाठी १८१ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे फोन क्रमांक आहेत. मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा' केंद्राने दाखवून दिलं की असं समुपदेशन सरकारी दवाखान्यातही होऊ शकतं. गावात मात्र त्यासाठी आडोशाची खोली, आशाताईंचं प्रशिक्षण आणि तालुक्याला जायचं एस.टी.चं भाडं लागतं.

मंडळी, आपली देणगी या साध्या गोष्टींना लागावी. ओटी भरण्याइतकंच हेही पुण्याचं काम आहे.