ताट रिकामं दिसू देऊ नकोस

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, पोट भरतं गं, पण जेवल्यासारखं वाटत नाही." आठ दिवस झाले तुझ्या त्या पॅलिओला. पोळी नाही, भात नाही, डाळ नाही, दूध-दही नाही, साखर-गूळ नाही. काकांची साखर वाढली आणि त्यांच्या ताटातला पोळी-भात बंद झाला, तेव्हा रोज रात्री ताटावरून उठताना तेही हेच म्हणायचे. तेव्हा त्याला असलं नाव नव्हतं, आम्ही पथ्य म्हणायचो. गोम कुठे आहे ते कळायला मला दोन महिने लागले. तुझे तरी वाचावेत म्हणून लिहून पाठवते. जन्मभर शाळेत शिकवलं, फोनवर सांगायला घेतलं की माझं निम्मं राहून जातं.

आपलं कालवण भातासाठी बेतलेलं असतं. त्यात मूठभर भात कालवला जाणार हे धरूनच हात मीठ, तिखट, आंबट घालतो. भात काढलास आणि कालवण तेच ठेवलंस, की चार घासांत जीभ चुरचुरते. मग तू पाणी पितेस, पाण्यानेच पोट भरतं आणि ताट सरकवलं जातं. तेव्हा सुरुवात मसाल्याच्या डब्यापासून कर. मीठ-तिखट रोजच्या तीन वाट्यांतले दोनच घे, आमसुलं चाराऐवजी दोन, ओल्या खोबऱ्याचं वाटण मात्र दुप्पट. पाणी ओततानाही हात आखड. वाटीत घेऊन नुसतं खाल्लं तरी ठसका लागता कामा नये, असं कालवण व्हायला हवं. चव बघताना भात विसरून बघायची, हे हाताला वळायला वेळ लागतो. पहिले चार दिवस अळणी झालं असं वाटेल, पण वरून मीठ भुरभुरू नकोस.

दुसरं म्हणजे पोळीचं सोंग आणू नकोस. बदामाच्या पिठाची पोळी मीही करून बघितली होती. लाटताना चिरफळली, तव्यावर करपली, आणि पहिल्याच घासाला काकांना खरी पोळी आठवली. त्या बदामांच्या पैशात आठवड्याचे बांगडे आले असते. फ्लॉवरच्या भाताचंही तेच. भात म्हणून वाढलास तर जीभ त्यात आंबेमोहोर शोधत बसणार. तोच फ्लॉवर किसून कोरड्या तव्यावर मोठ्या आचेवर परत, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दे, वर ओलं खोबरं आणि लिंबू, आणि भाजी म्हणून वाढ. लगेच संपेल.

पण हाताला काहीतरी धरायला लागतंच, नुसता चमचा घेऊन आपलं जेवण होत नाही. त्यासाठी सुरणाचे काप. अर्ध्या बोटाएवढ्या जाडीचे काप करून आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेव, नाहीतर घसा खाजवत बसशील. मग हळद, मीठ, थोडं तिखट लावून खोबरेलावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस कर, झाकण ठेवून. त्या कापाने कालवण उचलायचं. कधी कच्च्या केळ्याचे, कधी कोनफळाचे. ताटात डावीकडे ओली चटणी, तोंडीलावणं, काकडीची कोशिंबीर दह्याऐवजी नारळाच्या घट्ट दुधात, आणि वाटीत सोलकढी. सोलकढीला तर तुझ्या पुस्तकासाठी काही बदलावंच लागत नाही. तू ताटलीत मधोमध तेवढा मासा आणि बाजूला दोन गाजरं घेऊन बसतेस, फोटोत बघितलं मी. आजाऱ्याचं ताट वाटतं ते.

आणि हे सगळं परक्याकडून आलंय असं समजू नकोस. वर्षातून एक दिवस आपण हे जेवतोच, भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य गेलं, डाळी गेल्या. राहतं ते हाताने खणून लावलेलं नाहीतर आपसूक उगवलेलं: अळूची पानं आणि देठी, अळकुड्या, सुरण, लाल भोपळा, शिराळं, पडवळ, भेंडी, माठाचे जाड देठ, अंबाडी. कणसाचे तुकडे आणि ओले शेंगदाणेही घालतात, ते तू वगळ, तुझ्यात चालत नाहीत. भाईंदरच्या बाजारात आदल्या दिवशी या भाज्यांचे वाटे लावून ठेवतात, वेगवेगळं शोधत फिरावं लागत नाही. माझ्या सासूबाई फोडणीसुद्धा द्यायच्या नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात खाली देठं आणि सुरण, वर भोपळा, सगळ्यात वर पालेभाजी, चिंचेचा कोळ, ठेचलेली हिरवी मिरची, मीठ, आणि झाकणावर पाणी. आतलं पाणी भाज्यांचंच सुटतं. शेवटी नारळ. झाकण काढलं की अळूचा आणि अंबाडीचा जो वास येतो, त्याला लसूण-कांदा लागत नाही. त्या दिवशी घरात कोणालाही उपाशी राहिल्यासारखं वाटत नाही, उलट पातेल्यातलं कोण निपटतो यावर भांडणं होतात. महिन्यातून दोनदा तरी कर ही भाजी, पंचमीची वाट बघू नकोस.

तू पाठवलेलं ते लॉरेन कॉर्डेन यांचं २००२ सालचं पुस्तक चाळलं मी. अश्मयुगातला माणूस खायचा ते खा, असं म्हणणं दिसतं. इतिहास शिकवलाय, म्हणून एक सांगते. त्या माणसाला शोधायला लांब जायला नको. भाईंदरहून चौथं स्टेशन कांदिवली, तिथे टॉड नावाच्या नौदलातल्या इंग्रज अधिकाऱ्याला दगडी हत्यारं सापडली होती, १९३९ साली त्याने त्यावर निबंध छापला. म्हणजे आपल्या या साष्टी बेटावरच तो माणूस हिंडत होता. पण त्याला मिरची माहीत नव्हती, टोमॅटो नव्हता, रताळं नव्हतं, पपई नव्हती. ही सगळी अमेरिकेतली, पोर्तुगीज आल्यावर आपल्याकडे पोचलेली. तेव्हा त्याच्यासारखं हुबेहूब जेवायच्या भरीला पडू नकोस. तुपावर तुमच्यात दोन पंथ आहेत म्हणे. मी तुपाच्या पंथातली.

आता बोंबील. भाईंदरला राहून बोंबील नीट करता आला नाही तर काय उपयोग? तू म्हणालीस रव्याशिवाय तो तव्याला चिकटतो आणि लगदा होतो. बोंबलात पाणीच फार, रवा ते पाणी शोषतो. रवा नाही तर पाणी आधी काढायचं. पोटाकडून चिरून मधला काटा काढ, उघडून पाटावर आडवे मांड, चिमूटभर मीठ लाव. वर दुसरा पाट आणि त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं किंवा वरवंटा. पाट किंचित तिरका ठेव, एका बाजूला ताटली. तासाभरात ताटलीत गढूळ पाणी साचेल आणि बोंबील कागदासारखा चपटा होईल. मग हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ. मीठ आधीच गेलंय, परत घालू नकोस. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापव, मग खोबरेल सोड, बोंबील ठेव आणि हात मागे घे. सारखं उलथणं घालून बघायचं नाही. कडा तपकिरी झाल्या की तो आपणहून तवा सोडतो, तेव्हाच उलटायचा. रव्याचा बोंबील वरून कुरकुरीत आणि आत मऊ, हा सबंध कुरकुरीत होतो, शेपटीकडून तर पापडासारखा तुटतो. काका शेवटी शेवटी रव्याचा नकोच म्हणायचे.

मासळी घेताना रावस-पापलेटमागे धावू नकोस. बांगडा, तारली यांत तेल जास्त, पोटाला आधार जास्त आणि पैसे कमी. धान्य नसलं की आधार तेलातूनच येतो. तू सोललेली कोंबडी आणि काकडी खाऊन चार वाजता बिस्किटांचा डबा का उघडतेस, ते यातच आलं.

जून-जुलैत मासेमारी बंद. त्यासाठी सुकी मासळी ऑक्टोबरनंतरच भरून ठेव. उत्तनला जाशील तेव्हा बघ, बांबूच्या मांडवांवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत टाकलेले असतात. ओळखीच्या बाईकडून घे, आणि बोटाने मोडून बघ. कट्कन मोडला तर वाळलाय, वाकला तर घरी आणून दोन उन्हं दाखव, नाहीतर पावसाळ्यात डब्यात बुरशी. जवळा आणि सोडेही ठेव. पावसाळ्यात रानभाज्या येतात तेव्हा सोडेच कामाला येतात. शेवळं बाजारात दिसली की सोडू नकोस, पण देणाऱ्या बाईकडून काकडंही मागून घे. ती छोटी हिरवी फळं नसतील तर शेवळं घशाला खाजतात. शेवळं-खिमा किंवा शेवळं-सोडे, यात धान्याचा दाणा नाही आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही. कंटोळी, टाकळा, फोडशी यांनाही भाकरी लागते असं आपण धरून चालतो. कांद्यावर परतून खोबरं घातलं की वाडगाभर नुसती जाते.

सुकं भाजायचं ते मात्र दुपारी बारानंतर नको. तुझा मजला मला माहीत आहे, समोर जैन, शेजारी मारवाडी. आमच्याकडेही तेच. सकाळी लवकर, खिडकी उघडी, दार बंद, आणि भाजून झाल्यावर तव्यावर लिंबाची साल फिरव. समोरच्या जैन बेनना आधी सांगितलं की त्या काही म्हणत नाहीत, न सांगता केलं की चार दिवस जिन्यात बोलत नाहीत. गंमत बघ, त्या कंदमुळं खात नाहीत, तू धान्य खात नाहीस. दोघींना चालेल असं काय, म्हणून मी एकदा वही घेऊन बसले होते. दुधी, पडवळ, कच्ची केळी, कंटोळी, नारळ. कच्च्या केळ्याची सुकी भाजी मी त्यांच्याकडूनच शिकले. बटाट्याची आठवण काढायची नाही हे त्यांना तुझ्याआधी किती पिढ्यांपासून येतंय.

लपलेलं धान्य बघत जा. डबीतल्या हिंगाच्या पुडीत बहुतेक वेळा मैदा असतो, खडा हिंग आणून कुटून ठेव. वसईकडच्या मैत्रिणीने बाटली मसाला दिला तर विचार, त्यात पुष्कळ घरी गहू आणि चणे भाजून घालतात. गोड्या मसाल्यातही काही घरी डाळ असते. शेंगदाण्याचा कूट आपण सगळ्यात घालतो, तो तुझ्यात बसत नाही. भाजलेलं सुकं खोबरं आणि तीळ समभाग कुटून बरणी भरून ठेव, भरल्या वांग्यात कोणाला फरक कळणार नाही.

सकाळचं म्हणशील तर पोहे गेले की माणूस गांगरतो. रात्रीचं कालवण सकाळी गरम करून खा, कोकणात काही नवीन नाही ते. नाहीतर शेवग्याचा कोवळा पाला परतून त्यावर दोन अंडी फोड. चहा दुधाशिवाय जातच नाही म्हणतेस, मलाही गेला नाही. गवती चहा आणि आलं घालून कोरा कर, उकळायला जास्त वेळ दे. गोड हवंच असेल तर वसईची सुकेळी आण, अर्धी पुरते.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. काकांनी एका सोमवारी पोळी-भात एकदम तोडला आणि साखरेच्या गोळ्या तेवढ्याच चालू ठेवल्या. तिसऱ्या दिवशी लोकलमध्ये दहिसर गेल्यावर घामाने शर्ट भिजला, हात कापायला लागले, समोरची माणसं धूसर. कोण कुठला पोरगा, त्याने खिशातल्या चार पेपरमिंटच्या गोळ्या तोंडात घातल्या म्हणून मीरारोडला उतरता आलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. तुला साखर नाही, पण तुझ्या सासऱ्यांना आहे, आणि ते तुझं बघून तुझ्यासारखं जेवायला लागलेत असं तू म्हणालीस. इन्सुलिन असो वा गोळ्या, त्यांना आधी डॉक्टरांकडे ने, मग त्यांचं ताट बदल. तुझं डोकं दुखतं ते मला वाटतं मीठ-पाण्याचं आहे. धान्य एकदम सुटलं की शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही उतरतं. पायाचं पाणी करून चार वाजता कपभर घे. पाये नको असतील तर माशाच्या डोक्याचं, आलं-मिरी घालून.

गणपतीला ये. चतुर्थीला उकडीचे मोदक असतात आणि माझ्या घरात त्या दिवशी तुझं पुस्तक दाराबाहेर चपलांशेजारी राहील. दोन खा, तूप घालून. मुक्कामाला राहा, पंचमीला सकाळी भाजी चिरायला माणूस लागतं मला, अळू सोलून हात खाजतात आता. येताना चिंच आण.