नावांची मदार कोणावर? : डीएनएसचे धोके जोखताना शिकलेलं

संस्थांच्या डोमेन नावांची व्यवस्था तपासायची आणि तिच्यातले धोके लिहून द्यायचे, हे माझं कित्येक वर्षांचं काम. ब्राउझरमध्ये आपण नाव टाकतो आणि त्या नावाचा आकडी पत्ता शोधून देते ती डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी तिचा आराखडा मांडला. आज बँकेच्या व्यवहारापासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत सगळ्याची मदार तिच्यावर आहे. तपासणीला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आमच्यावर हल्ला कोण करील?’ मला त्याहून कामाचा वाटतो तो वेगळाच प्रश्न : आपली भिस्त कशाकशावर आहे, आणि त्यातलं काय आपल्याला ठाऊकच नाही? या प्रश्नाच्या मागे लागून जे हाती आलं, ते असं.

१. शत्रूंच्या आधी आधारांची यादी करा

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट अमेरिकेत तासन्‌तास उघडेनात. त्यांचे स्वतःचे सर्व्हर ठणठणीत होते. कोलमडली होती डाइन ही कंपनी, जिच्याकडे या सगळ्यांनी आपापलं डीएनएस सोपवलं होतं. मिराई या मालवेअरने घरोघरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन तिच्यावर मारा केला होता. म्हणून मी आधी नेमसर्व्हरच्या, म्हणजे नावांची उत्तरं देणाऱ्या सर्व्हरच्या, नोंदी काढतो. कागदावर चार नावं दिसतात. खोलात गेलं की चारही एकाच पुरवठादाराची, कधी तर एकाच इमारतीतली निघतात. नावं चार, आधार एक. महत्त्वाच्या सेवेसाठी दोन वेगळे पुरवठादार ठेवा, हे मी प्रत्येक अहवालात आग्रहाने लिहितो.

२. रूट का टिकलं, ते समजून घ्या

डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरची लोकांना फार धास्ती असते. साऱ्या जगाला मिळून नावं तेराच! पण २००२ च्या ऑक्टोबरमध्ये या तेराही सर्व्हरवर एकाच वेळी हल्ला झाला, सुमारे तासभर चालला, आणि सामान्य माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही. बहुतेक उत्तरं ठिकठिकाणच्या रिझॉल्व्हरच्या (आपल्या वतीने पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरच्या) कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, आधीपासून होती. पुढे एनीकास्ट या तंत्रामुळे एकाच पत्त्याच्या सर्व्हरच्या प्रती जगभर उभ्या राहिल्या, मुंबईतही आहेत. या १३ नावांमागे १२ स्वतंत्र संस्था आहेत. त्यांत विद्यापीठं आहेत, सरकारी खाती आहेत, ना-नफा संस्था आणि कंपन्याही आहेत. एकीची चूक दुसरीकडे सहसा पोचत नाही. आपल्या व्यवस्थेत हा वेगळेपणा किती आहे, ते तपासावं.

३. एका टिंबाला कमी लेखू नका

झोन फाइलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, पूर्ण नावाच्या शेवटी एक टिंब द्यावं लागतं. ते राहिलं, तर सर्व्हर त्या नावाला झोनचं नाव पुन्हा जोडतो आणि ‘उदाहरण.एसई’चं ‘उदाहरण.एसई.एसई’ होतं. १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री स्वीडनच्या ‘डॉट एसई’ झोनमध्ये नेमकं हेच झालं. एका स्क्रिप्टमधून ते टिंब सुटलं आणि सुमारे ९ लाख नावं आडवी झाली. चूक लवकर दुरुस्त झाली, पण चुकीची उत्तरं कॅशमध्ये जाऊन बसली होती. ती जायला वेळ लागला. तेव्हापासून दोन गोष्टी मी पक्क्या धरल्या. नवी फाइल जुनीशी ताडून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करायची नाही. आणि मोठा बदल करायचा असेल, तर आधीच टीटीएल (उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवायचं तो काळ) कमी करून ठेवायचा, म्हणजे चूक झालीच तर ती फार काळ रेंगाळत नाही.

४. दुरुस्तीची वाट त्याच नावातून जाऊ देऊ नका

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या एका आदेशाने कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं आणि तिच्या डीएनएस सर्व्हरांनी आपले मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले. दुरुस्तीची साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळे अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटर गाठावं लागलं. मी संस्थांना विचारतो : आपलंच नाव चालेनासं झालं, तर तुम्ही एकमेकांना गाठणार कसं? ईमेल बंद, कार्यालयीन चॅट बंद. फोन नंबर आणि सर्व्हरचे आकडी पत्ते छापील कागदावर कपाटात असलेच पाहिजेत.

५. खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा

एका पतसंस्थेत डोमेनचं खातं वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर होतं. तो केव्हाच परदेशी गेला होता आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून होत्या. व्यवस्थापक म्हणाले, ‘‘अहो, पण नाव तर आमच्याच संस्थेचं आहे ना?’’ कागदोपत्री नव्हतं. हे लहानांचंच दुखणं आहे असं नाही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टकडून ‘पासपोर्ट डॉट कॉम’चं नूतनीकरण राहून गेलं आणि त्यावरून लॉगिन होणारं हॉटमेल अडलं; एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला सांगितलं. ग्राहकाला खरी साइट ओळखता यावी यासाठी हे मोलाचं पाऊल आहे. तरीही डोमेनच्या खात्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागला, तर खऱ्या नावावरूनच ग्राहक खोट्या साइटवर जाईल. दुहेरी पडताळणी, रजिस्ट्री लॉक (नोंदणीत परस्पर बदल होऊ न देणारं कुलूप) आणि संस्थेच्या सामायिक पत्त्यावर नोंदणी, यांत तडजोड नको.

६. संरक्षणाचेही धोके मोजा

२००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं की रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये खोटं उत्तर घुसवणं किती सोपं आहे. प्रश्नाशी उत्तर जुळवणाऱ्या क्रमांकाला ६५,५३६ च शक्यता होत्या. त्यांनी आधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना गाठलं आणि जुलैमध्ये अनेक कंपन्यांच्या दुरुस्त्या एकाच दिवशी बाहेर आल्या. कायमचा उपाय म्हणजे उत्तरावर डिजिटल सही, अर्थात डीएनएससेक. जुलै २०१० पासून रूट झोनही सहीनिशी येतो. पण सही चुकली, तर पडताळणी करणारे रिझॉल्व्हर खरं उत्तरही नाकारतात. ३० जानेवारी २०२४ रोजी रशियाच्या ‘डॉट आरयू’ची नावं त्यामुळेच अडली. रूटच्या सहीची मुख्य किल्ली २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बदलायची ठरली होती. काही रिझॉल्व्हर तयार नसल्याचं दिसताच नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तो बदल पुढे ढकलला आणि वर्षभराने, ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, तो सुरळीत पार पडला. ठरलेली तारीख पुराव्यापुढे मागे घेणं, यालाच मी जबाबदारी म्हणतो.

७. परिणाम खिडकीवर जाऊन मोजा

धोक्याची शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन रंगीत तक्ता करता येतो. त्यावर मी थांबत नाही. प्रत्येक धोक्यापुढे एक वाक्य लिहितो : हे नाव चार तास चाललं नाही, तर कोणाचं काय अडेल? सेवा केंद्रावर कर्जासाठी उतारा घ्यायला तालुक्याला आलेला शेतकरी, रुग्णालयात रिपोर्टची वाट पाहणारं कुटुंब, परीक्षेच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी रांगेत असलेली मुलगी. डीएनएस हा शब्द यांनी कधी ऐकलेला नसतो, आणि ऐकायची गरजही नाही. त्यांचं काम अडू न देणं हे आपलं काम आहे.

म्हणून मोठ्या अहवालाची वाट पाहू नका. आपल्या संस्थेच्या डोमेनची मुदत कधी संपते, खातं कोणाच्या नावावर आहे आणि नेमसर्व्हर कोणाचे आहेत, एवढं याच आठवड्यात लिहून काढा. यातलं एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर तपासणीची सुरुवात तिथूनच करा.