लोखंडाला चहा पाजताना

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा काणाडोळा करा. विषय मात्र तुमच्या-आमच्या आंघोळीच्या बादलीतला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर हॉस्टेलवर परत आलो की नळाची पहिली बादली तांबूस भरते. "माती आली" असं आपण म्हणतो. ती बहुतेक वेळा माती नसते, पाइपच असतो.

पोलाद गंजतं म्हणजे त्याच्या अंगावर छोट्या छोट्या बॅटऱ्या तयार होतात. एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, तो ॲनोड. शेजारीच पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, तो कॅथोड. यातली एक क्रिया अडवली तरी गंज मंदावतो. थोड्याशा मात्रेत हे काम करणारं रसायन म्हणजे इनहिबिटर, पुस्तकी मराठीत गंजरोधक.

कूलिंग टॉवरच्या पाण्यात एकेकाळी क्रोमेट म्हणजे हुकमी एक्का होता. स्वस्त, आणि पोलादावर पातळ, घट्ट थर बसवणारा. पण टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, म्हणून थोडं पाणी सारखं बाहेर सोडावं लागतं. याला ब्लोडाऊन म्हणतात. त्याबरोबर औषधही बाहेर जातं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावी एका गॅस कंपनीने १९५२ ते १९६६ या काळात असं क्रोमेटचं पाणी खालून अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं. ते झिरपून विहिरींत उतरलं. १९९६ मध्ये कंपनीने गावकऱ्यांना ३३.३ कोटी डॉलर मोजले. 'एरिन ब्रोकोविच' हा २००० सालचा पिक्चर यावरच आहे. आमच्या हॉलवर तो लागला होता तेव्हा सगळ्यांचं लक्ष ज्युलिया रॉबर्ट्सकडे, कूलिंग टॉवर कुणाच्या लक्षातच आला नाही! एअरकंडिशनिंगच्या टॉवरमध्ये क्रोमेट वापरायला अमेरिकेने १९९० मध्येच बंदी घातली.

क्रोमेटनंतर फॉस्फेट आणि जस्त आले. फॉस्फेटने तळ्यात शेवाळ माजतं, जस्त माशांना सोसत नाही. मॉलिब्डेट त्यामानाने निरुपद्रवी, पण महाग.

म्हणून मी सेमिनारला 'हिरवे इनहिबिटर' घेतले. शोधनिबंध वाचले तर कडुलिंब, तुळस, लिंबाची साल, सगळ्यांची कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास! मी हवेतच. मेसमधली वापरलेली चहापावडर आणली, उकळून काढा केला, माइल्ड स्टीलच्या पट्ट्या घासून, वजन करून बाटल्यांत सोडल्या. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीत काढा घातला तर पट्टीचं वजन खरंच बरंच कमी घटलं. मी अर्धं प्रेझेंटेशन त्याच रात्री टाइप केलं.

सर आले, बाटली बघितली आणि एवढंच म्हणाले, "अगं, कूलिंग टॉवरमध्ये ॲसिड असतं का?"

मग बोअरच्या पाण्यात तोच प्रयोग. दुसऱ्या दिवशी बाटली काळी झाली. चहातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळंनिळं संयुग होतं, जुन्या काळची शाई अशीच करायचे. चौथ्या दिवशी वास सुटला आणि पट्टीवर बुळबुळीत थर आला. रूममेटने बाटलीसकट मला बाहेर काढलं.

चूक कुठे झाली? निबंधांतले बरेचसे प्रयोग ॲसिडमधले असतात. तिथे पोलादाचा पृष्ठभाग उघडा असतो, वनस्पतीतले रेणू त्याला नीट चिकटतात. साध्या पाण्यात मात्र वर ऑक्साइडचा थर असतो आणि ऑक्सिजन सतत येत असतो, तिथे हीच पकड सैल पडते. शिवाय जे नदीत कुजतं ते पाइपातही कुजायला लागतं. काढा म्हणजे जिवाणूंची मेसच, आणि त्यांच्या बुळबुळीखाली पोलाद आणखी खड्डे पडून गंजतं. ओईसीडीच्या चाचणीत २८ दिवसांत साधारण ६० टक्के पदार्थ विघटित झाला तर त्याला 'सहज विघटनशील' म्हणतात. आपल्याला हवा तो पदार्थ टॉवरमध्ये असेपर्यंत टिकणारा आणि बाहेर पडल्यावर संपणारा. हे दोन्ही एकत्र जमवणं हीच खरी इंजिनिअरिंग. झाडापासून काढलं म्हणून झालं हिरवं, असं नाही.

यात बऱ्यापैकी उतरलेले पदार्थ आहेत. ग्लुकोज आंबवून मिळणारं सोडियम ग्लुकोनेट, सोडियम सिलिकेट, आणि ॲस्पार्टिक ॲसिड या अमिनो आम्लापासून होणारं पॉलिॲस्पार्टेट, ज्याच्या निर्मितीला अमेरिकेचा १९९६ चा अध्यक्षीय ग्रीन केमिस्ट्री पुरस्कार मिळाला. ते गंजाबरोबर क्षारांचे थरही रोखतं. त्यातलं एकही मेसमध्ये मिळत नाही, हे माझं दुर्दैव.

टॅनिनला मात्र मी सोडलेलं नाही. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरमध्ये ते घालत असत. तिथे ते पाण्यातला ऑक्सिजन खातं. आता जुन्नरकडच्या डोंगरातला हिरडा आणलाय, त्यात टॅनिन भरपूर. या वेळी एकही बाटली ॲसिडची नाही. कृपा करून कुणी हा काढा हॉस्टेलच्या टाकीत ओतून बघू नका, तेच पाणी आपण पितो. आणि लॅबच्या दुसऱ्या फळीवरच्या काळ्या बाटल्या शाई समजून नेऊ नका. शनिवारी पट्ट्यांचं वजन करायचंय.